दसऱ्याला पुजलेली भरलेली बंदूक : एका चकमकी बंदुकीचं प्रकरण

या प्रकरणातलं गाव, घराणं, माणसं ओळखू येतील असं काही लिहिलेलं नाही, एकदोन बारीक गोष्टी मुद्दाम बदलल्यात. घरच्यांची परवानगी आहे. जुन्या वाड्यात, माळ्यावर, देवघराच्या मागे अशी एखादी बंदूक ज्यांच्याकडे आहे (आणि अशी घरं आपल्याकडे वाटतात त्यापेक्षा बरीच आहेत) त्यांना उपयोग व्हावा म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं तालुक्याचं गाव, तिथला जुना वाडा, अर्धा पडलेला. घरात आजोबांच्या वेळेपासून एक लांब नळीची बंदूक, दर दसऱ्याला दोन तलवारी आणि एका दांडपट्ट्याबरोबर पाटावर मांडली जायची, हळद-कुंकू, झेंडूचा हार, समई, उदबत्ती, कापूर, सगळं रीतसर. पूजेच्या आदल्या दिवशी पितळ चिंचेने आणि राखेने घासायचं काम घरातल्या पोरांकडे. नळीवर सोन्याच्या तारेची कोफ्तगरी, म्हणजे लोखंडावर बारीक खाचा पाडून त्यात सोनं ठोकून बसवलेली वेलबुट्टी, तीही तोंडापाशी आणि मागच्या बाजूला अजून शाबूत, मधे मात्र हाताळून हाताळून उडालेली. दस्त्यावर पांढऱ्या तुकड्यांची जडवणी, दस्त्याच्या टोकाला पितळी टोपी आणि तिच्यावर कुठल्यातरी जनावराचं तोंड.

घरात सांगायचे की मूळपुरुष शिंद्यांच्या कंपूत, म्हणजे कवायती फौजेत, होता आणि ही बंदूक असईच्या लढाईतून आली. असई म्हणजे १८०३ चा सप्टेंबर, इंग्रजांच्या वेलस्लीविरुद्ध शिंदे-भोसले. हे लिहिलेलं कुठे नाही, तोंडी आहे.

आजोबांच्या नावावर लायसन होतं आणि त्यात बंदुकीचं वर्णन एवढंच: ठासणीची बंदूक, एक. निवडणूक आली की आचारसंहितेत ती पोलीस स्टेशनला जमा व्हायची, निकाल लागले की परत यायची. आजोबा गेले, नूतनीकरण राहिलं, कुणाच्या लक्षातही आलं नाही आणि मग वाड्याच्या वाटण्या निघाल्या तेव्हा बंदुकीचा विषय आला.

अडचण नेमकी काय होती

घरच्यांच्या मते एकच, लायसन कुणाच्या नावावर करायचं. मला थोरल्या काकांनी बोलावलं ते फक्त 'ही किती जुनी ते सांग' एवढ्यासाठी. पण बघायला बसल्यावर एकात एक अडकलेल्या चार गोष्टी निघाल्या.

पहिली, कायद्याची. लायसनधारक गेल्यावर वारसांनी बंदूक तशीच घरात ठेवणं चालत नाही, ती पोलीस स्टेशनला किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करून मग वारसाच्या नावाने अर्ज करायचा असतो. इथे ते झालंच नव्हतं.

दुसरी, पुण्यातला पुतण्या. त्याला २०१९ ची बातमी सापडली होती, इंग्लंडमध्ये बर्कशायरच्या एका घरात माळ्यावर टिपू सुलतानची शस्त्रं निघाली आणि त्यातली चांदी मढवलेली चकमकी, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने उडणारी, बंदूक लिलावात ६० हजार पौंडांना गेली. बातमी खरी आहे. पुतण्याने पितळी टोपीवरचं तोंड वाघाचं ठरवलं, आणि वाघ म्हणजे टिपू, हे ओघानेच आलं.

तिसरी, एक ओळखीचा माणूस, अँटिकचा धंदा करणारा, घरी येऊन बघून गेला होता. तो म्हणाला घोड्याचा, म्हणजे गारगोटी धरून आपटणाऱ्या भागाचा, वरचा जबडा नाही, गारगोटी नाही, मी नवीन ओतून लावतो, नळी बफ करतो, दस्त्याला पॉलिश मारतो, अगदी नवी करून देतो, मग बघा भाव. काका जवळजवळ हो म्हणाले होते.

चौथी कुणाच्याच मनात नव्हती. ती पुढे.

पहिला निर्णय : आधी काय बघायचं

काका म्हणाले आधी नक्षी बघ, साल कुठलं ते सांग. साहजिक आहे, सोनं दिसतं तिकडे डोळा जातो. पण ठासणीची कुठलीही बंदूक हातात आली की साल, नक्षी, किंमत सगळं नंतर, आधी ती भरलेली आहे का ते बघायचं. तोंडाकडून भरायच्या बंदुकीत काडतूस नसतं, उघडून बघायला काही नसतं, बाहेरून भरलेली आणि रिकामी सारखीच दिसते. आणि काळी दारू, म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक, कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटू शकते.

बघायची पद्धत साधी. बंदूक आडवी, तोंड माणसांपासून लांब, पण आपणही तोंडासमोर उभं राहायचं नाही. एक सरळ लाकडी दांडा तोंडातून अलगद आत सोडायचा, ठोकायचा नाही, टेकला की तोंडापाशी पेन्सिलीने खूण करायची. मग तोच दांडा बाहेर काढून नळीला लागून धरायचा, खूण तोंडाशी जुळवायची आणि दांड्याचं दुसरं टोक कुठे येतं ते बघायचं. ते कानाच्या, म्हणजे रंजकाची (बाहेरच्या वाटीतल्या पेटवणीच्या दारूची) आग आत जाते त्या भोकाच्या, जवळपास यायला हवं. इथे ते कानाच्या चांगलं साडेतीन इंच अलीकडेच थांबलं.

काका म्हणाले कुंभारमाशीचं घर असेल. असू शकतं, जुन्या नळ्यांमध्ये मातीची घरं निघतात खरी. पण दांडा टेकल्यावर मातीचा खडखडीत आवाज आला नाही, थोडं दबल्यासारखं लागलं. आत्या तेवढ्यात बोलून गेली की आप्पांच्या, म्हणजे आजोबांच्या, वेळी मळ्यात रानडुकरं यायची तेव्हा ते ही बंदूक घेऊन जायचे. सगळे एकदम गप्प. म्हणजे त्यानंतरचे सगळे दसरे, समोर समई, उदबत्ती, कापुराची आरती, आणि निवडणुकीत जीपमधून पोलीस स्टेशनला जाणं-येणं, सगळं भरलेल्या बंदुकीसकट.

आता तीन वाटा होत्या. घरीच स्क्रू लावून काढायचं, हे पुतण्याला यूट्यूबवर सापडलं होतं, ते तिथल्या तिथे नाही म्हणून टाकलं. दुसरी, पोलिसांना कळवून बॉम्बशोधक पथक बोलवायचं. तिसरी, पोलीस स्टेशनला लेखी कळवून, बंदूक रीतसर जमा करून, दुरुस्तीचा परवाना असलेल्या गनस्मिथकडून रिकामी करून घ्यायची. तिसरी धरली. पोलीस स्टेशनमध्ये सुरुवातीला कुणाला समजेना की या अर्जावर करायचं काय, लायसन संपलेलं, धारक मयत, बंदूक भरलेली आणि वारस स्वतःहून सांगायला आलेत. पण आपणहून आले याचाच पुढे फायदा झाला, हे मी ठामपणे सांगतो. लपवून ठेवलेली बंदूक वाटणीच्या भांडणात कुणीतरी तक्रार करून बाहेर काढली असती तर हेच प्रकरण फार वेगळं झालं असतं.

नळीतून काय निघालं

गनस्मिथ साठीच्या पुढचा, तिसऱ्या पिढीतला माणूस, बोलणं कमी. त्याने कानातून आणि तोंडातून पाणी सोडलं आणि बंदूक काही दिवस तशीच ठेवून दिली. सोरा पाण्यात विरघळतो, दारूचं मिश्रण मोडतं, मग ती पेटत नाही.

इथे एक खरा वाद होता. संवर्धनाच्या नजरेने बघाल तर दोनशे वर्षांच्या लोखंडात पाणी भरणं म्हणजे पाप, आतून गंज लागणार, आणि सोऱ्याचे क्षार लोखंडाला आणखी खातात. पण कोरडंच खरवडून काढणं म्हणजे लोखंडावर लोखंड घासणं, दारू शेजारी असताना. माणसाचा जीव आणि नळीचा आतला पृष्ठभाग यात निवड करायची तर ती करायला वेळ लागत नाही. फक्त एक मान्य करून घेतलं, की रिकामी झाल्यावर आतून गोड्या पाण्याने दोनतीनदा धुवायची, लगेच सुकवायची आणि तेलाचा हात द्यायचा.

लांब दांड्याच्या टोकाला स्क्रू लावून त्याने ओढून काढलं ते असं: आधी नारळाच्या काथ्याचा घट्ट बोळा, मग शिशाचे छर्रे, पांढरी बुकटी धरलेले, मग परत काथ्या, आणि त्याच्या मागे काळा चिखल, नाकाशी धरला तर गंधकाचा वास अजून येत होता. गोळी नाही, छर्रे, म्हणजे लढाईतला बार नाही, मळ्यातलाच. आत्याची आठवण बरोबर होती.

दुसरा निर्णय : नक्षीवरून ठरवायचं की लॉकवरून

बंदूक निर्धोक झाली, आता मूळ प्रश्न. अशा बंदुकीचे नळी, दस्ता आणि लॉक (बार पेटवणारं यंत्र) असे तीन भाग धरायचे आणि तिघांचं वय वेगवेगळं असेल असं गृहीत धरूनच सुरुवात करायची. आपल्याकडे चांगली नळी ही महाग आणि टिकाऊ गोष्ट, ती फेकायचं कुणी नाही, दस्ता मोडला दस्ता बदलला, लॉकची फॅशन बदलली लॉक बदललं.

थोडा इतिहास इथे लागतो. युरोपात तोड्याच्या, म्हणजे जळती वात लावायच्या बंदुकीनंतर १६ व्या शतकाच्या सुरुवातीला चाकाचं लॉक आलं, किल्लीने स्प्रिंग ताणायची, चाप ओढला की दातेरी चाक फिरतं आणि पायराइटच्या खड्यावर घासून ठिणग्या पडतात. सुंदर काम, पण घड्याळजीच्या तोडीचं आणि तसंच महाग, म्हणून राजेरजवाड्यांच्या शिकारीपुरतं आणि घोडेस्वारांपुरतं राहिलं. त्याच शतकाच्या मध्याला स्नॅपहान्स, घोड्याच्या जबड्यात गारगोटी, ती समोरच्या पोलादी पट्टीवर आपटते, पण रंजकाच्या वाटीचं झाकण वेगळं, ते वेगळ्या दांड्याने सरकतं. स्पेन, इटली, तुर्कस्तानाकडे मिकेलेट, त्यात मोठी स्प्रिंग लॉकच्या बाहेरच्या अंगाला उघडी दिसते आणि पोलादी पट्टी व झाकण एकाच तुकड्यात.

आणि मग १६१० च्या आसपास फ्रान्समध्ये नॉर्मंडीतल्या लिझ्यू गावी ल बुर्ज्वा भावांच्या कारखान्यात या सगळ्यातलं चांगलं तेवढं एकत्र आलं. मारँ ल बुर्ज्वा हा चित्रकारही होता आणि बंदुका करणाराही, चौथ्या हेन्रीच्या पदरी. तेराव्या लुईसाठी केलेली त्यांची एक बंदूक आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, नक्षीने इतकी भरलेली की लॉककडे लक्षच जाऊ नये. पण खरी करामत आत. पोलादी पट्टी आणि झाकण इंग्रजी एल सारखं एका तुकड्यात, ज्याला फ्रिझन म्हणतात, आणि आत एक गोल अडकण, तिला दोन खाचा, एक अर्ध्यावर घोडा धरून ठेवणारी आणि एक पूर्ण ताणलेली. अर्ध्यावर ठेवून बंदूक भरायची, खांद्यावर टाकून चालायचं, वेळ आली की पूर्ण ओढायचं. बस, एवढंच. हे गणित पुढची दोनशेहून जास्त वर्षं, १८४० च्या सुमारापर्यंत, फारसं न बदलता चाललं.

हिंदुस्थानात मात्र तोड्याची बंदूक १९ व्या शतकातही चालूच राहिली आणि ती मागासपणामुळे असं जे लिहिलं जातं ते मला पटत नाही. वात कुठेही वळता येते. चकमकीच्या लॉकला चांगली गारगोटी लागते, ती वीस-तीस बारांत बोथट होते, कंपनी आणि ब्रिटिश फौज ती इंग्लंडातनं, सफोकमधल्या ब्रँडनसारख्या ठिकाणाहून आणायची. फ्रिझनचं तोंड नीट पाणी देऊन कडक केलेलं लागतं, स्प्रिंग तुटली तर गावच्या लोहाराला जमेलच असं नाही. ज्यांच्याकडे कवायती पलटणी आणि पुरवठा होता ते चकमकीकडे वळले, महादजी शिंद्यांनी द ब्वान्य या युरोपीय सेनानीकडून पलटणी उभ्या करून घेतल्या तेव्हा आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉट माणसाच्या हाताखाली तोफा आणि बंदुकांचा कारखानाच काढला. बाकीच्यांना तोडा पुरत होता.

आता आपली बंदूक.

नळी आधी. उजव्या अंगाला, कानाच्या खाली, हाताला लागेल असा चौकोनी उंचवटा, कानशीने घासून सपाट केलेला आणि तिथेच कोफ्तगरीची वेल मधेच तुटलेली. तोड्याच्या देशी बंदुकीला रंजकाची वाटी नळीलाच जोडलेली असते, ती इथे कापून काढलीय. म्हणजे ही नळी जन्माने तोडेदार बंदुकीची, चकमकीचं लॉक तिला नंतर मिळालं. कानही रुंद होऊन लांबट झालेला, पुष्कळ बार उडाल्याची खूण.

मग लॉक. गनस्मिथने स्क्रू सोडवून काढलं. प्लेटवर हृदयाचा आकार, त्याचे चार भाग, प्रत्येकात एक अक्षर, वर चारच्या आकड्यासारखी खूण. काका खुश, कंपनी सरकार! ईस्ट इंडिया कंपनीची ही जुनी खूण खरीच, १८०८ च्या सुमाराला तिच्या जागी मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह आला. खाली लंडन आणि १७९७. पण भिंग लावून बघितलं तर 'ई' ला चार आडव्या दांड्या, 'लंडन' मधला एक 'एन' उलटा, आणि अक्षरं ठशाने उठवलेली नाहीत, छिन्नीने एकेक रेघ करून कोरलेली. आतल्या बाजूला कानशीचे ओरखडे तसेच, आणि गोल अडकणीला वरून आधार देणारी जी पट्टी कंपनीच्या चांगल्या लॉकात असते ती नाहीच. तीन स्क्रूंच्या डोक्यावर एक, दोन आणि तीन टिंबं ठोकलेली आणि प्लेटच्या भोकांशेजारी तशीच टिंबं, कारण हाताने पाडलेले आटे, एकाचा स्क्रू दुसऱ्याला बसत नाही.

म्हणजे हे कंपनीचं लॉक नव्हे. कंपनीचं लॉक समोर ठेवून, इंग्रजी अक्षरं न वाचता येणाऱ्या पण लोखंड नीट समजणाऱ्या आपल्याकडच्याच कुणा कारागिराने केलेली ही नक्कल. आणि नक्कल अक्षरांची फसली असली तरी यंत्राची नाही, दोन्ही खाचा जागच्या जागी, अर्ध्यावरची झिजलेली पण अजून धरणारी. फ्रिझनच्या तोंडावर उभे ओरखडे दाट, गारगोटी तिथे असंख्य वेळा आपटलीय. माझ्या दृष्टीने या बंदुकीतला सगळ्यात मोलाचा भाग हाच, सोन्याची वेल नाही. लिझ्यूमधल्या राजाच्या बंदुकीतली युक्ती लंडनमार्गे इथल्या भट्टीत कशी पोचली याचा हा हातात धरता येणारा पुरावा.

टिपूचं काय? टिपूच्या कारखान्यातल्या बंदुकांवर वाघाच्या पट्ट्यांची ठरावीक नक्षी, पट्टणचं (श्रीरंगपट्टणचं) नाव, 'हैदर' ची मुद्रा आणि मौलुदी सन, म्हणजे टिपूने स्वतः चालू केलेला सन, असतो, तोही उजवीकडून डावीकडे वाचायचा. यातलं एकही इथे नाही. पितळी टोपीवरचं तोंड चिंचेने घासून इतकं गुळगुळीत झालंय की वाघ म्हणा, सिंह म्हणा, मकर म्हणा, सगळं खपेल.

असईचं? प्लेटवर १७९७ कोरलंय, म्हणजे ज्याची नक्कल केली ते लॉक त्या सालाचं, म्हणून हे काम त्याआधीचं नाही, एवढंच म्हणता येतं. १८०३ च्या आधीचं असू शकतं, तीस वर्षं नंतरचंही. काकांना मी तसंच सांगितलं, त्यांना आवडलं नाही.

पांढरी जडवणीही तपासली, कारण हस्तिदंत निघाला असता तर वन्यजीव कायद्याचं वेगळं शेपूट लागलं असतं. हस्तिदंताच्या आडव्या कापात एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी दिसते, हाडात काळपट ठिपके आणि तुटक रेषा. इथे ठिपके. हाड. सुटलो.

तिसरा निर्णय : पुढे करायचं काय

वाड्यातच बैठक झाली, चारही वारस, दोन सुना आणि पुतण्या. पर्याय असे निघाले.

लंडनला लिलावात पाठवणं. हे पहिल्या पाच मिनिटांत बाद. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांपेक्षा जुनी अशी वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. देशात विकायची तर घेणाऱ्याकडे शस्त्राचा कागद लागणार आणि धंदा म्हणून विकणाऱ्याला पुरावस्तू विक्रीचा परवाना. बर्कशायरचं घर इंग्लंडात होतं हा फरक पुतण्याने हिशोबात धरला नव्हता.

अँटिकवाल्याकडून नवी करून घेणं. इथे मी जरा जोरात बोललो. नळी बफ केली की उरलेली कोफ्तगरी गेली, कापलेल्या वाटीची खूण गेली, ओरखडे गेले, म्हणजे जेवढं कळलं ते सगळं पुसलं जाणार. आणि जबडा नवीन ओतून बसवला तर पुढे कुणी बघेल त्याला तो मूळचा वाटणार. काकूंचा प्रश्न मात्र रास्त होता, मोडकी वस्तू पूजेला चालते का? यावर तोड निघाली, जबड्याच्या जागी काहीच बसवायचं नाही, पण फोटो आणि मापं घेऊन कागदावर नोंद ठेवायची, पुढे कुणाला करायचाच झाला तर काढता येईल असा आणि त्यावर साल कोरलेला करावा.

नळीला भोक पाडून ती कायमची निकामी करणं. हा सल्ला एका ओळखीच्या वकिलाचा. शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात जुनाट बनावटीच्या किंवा पुरातन मूल्याच्या, आणि दुरुस्त करून किंवा न करूनही चालवता येणार नाहीत अशा शस्त्रांना सूट आहे. लोक यातलं 'पुरातन' एवढंच वाचतात आणि खुश होतात. पण शेवटचा भाग महत्त्वाचा, दुरुस्त करूनही चालता कामा नये. आपली बंदूक एका जबड्यावर आणि एका गारगोटीवर अडलेली, दारू आतून ओली करून काढावी लागली, तिला निकामी कोण म्हणणार. सूट हवी तर नळी भोसकायची आणि ती गोष्ट परत फिरवता येत नाही. आत्या म्हणाली एका कागदासाठी आप्पांची बंदूक भोसकायची नाही. विषय संपला.

संग्रहालयाला देणं. पुण्याचं केळकर संग्रहालय, कोल्हापूरचा न्यू पॅलेस, मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, शस्त्रं सगळीकडे आहेत. मला स्वतःला हाच पर्याय बरा वाटत होता. काकांना नाही, आणि बंदूक त्यांची, माझी नाही.

राहिला शेवटचा, काकांच्या नावाने वारसाहक्काने लायसन, बाकीच्यांचं लेखी संमतिपत्र, आणि बंदूक आहे तशी जपणं.

प्रत्यक्षात काय झालं

बाकीच्या तीन वारसांनी स्टँप पेपरवर सही केली, त्यातल्या पुतण्याच्या वडिलांनी बराच काळ अडवून धरली, मग केली. अर्जाला मृत्यूचा दाखला, जुनं लायसन, गनस्मिथचं पत्र, संमतिपत्रं आणि फोटो जोडले. तपासणी होऊन लायसन आलं, पण मधे एक अख्खा पावसाळा गेला आणि तेवढा काळ बंदूक जमा होती. परत मिळाली तेव्हा नळीवर, नेमकी कोफ्तगरी संपते तिथे, नारिंगी गंजाचे डाग. कुणाचा खोडसाळपणा नाही, ओलसर खोलीत भिंतीला टेकून इतर बंदुकांबरोबर उभी होती एवढंच. पितळ आणि हाड ठीक होतं, दस्त्यात वाळवी नव्हती.

गंज काढताना पॉलिश पेपर वगैरे काही नाही, तेलात भिजवलेला मऊ कापूस आणि बांबूची टोकदार काडी, सोन्याच्या रेघेच्या जवळ भिंग लावून. फार संथ काम. नंतर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. दस्त्याला काही लावलं नाही, वर्षानुवर्षांचं खोबरेल त्यात मुरलेलंच आहे.

पूजेचं ठरलं ते असं, दसऱ्याला बंदूक पाटावर येणार, पण हळद-कुंकू पाटावर वाहायचं, धातूवर नाही, कारण ओलं कुंकू कोफ्तगरीच्या खाचेत बसलं की तिथेच गंज धरतो. चिंच-राख बंद. काकूंनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कपाळाला आठ्या, पण पितळी टोपीचा पुसलेला चेहरा दाखवल्यावर ऐकलं.

काय वेगळं करता आलं असतं

जमा करण्याआधी नळी आतून-बाहेरून तेलाने पुसून, सुती कापडात गुंडाळून, वर लेबल लावून द्यायला हवी होती आणि अर्जातच विनंती टाकायची की ओलीपासून लांब ठेवावी. शक्य असेल तर पोलीस स्टेशनऐवजी परवानाधारक डीलरकडे जमा करावी, थोडं भाडं पडतं, पण त्यांच्याकडे स्टँड असतात आणि विचारपूस करता येते.

भरलेली आहे का हा प्रश्न आजोबा गेले त्या आठवड्यात विचारायला हवा होता, वाटण्यांच्या वेळी नाही. खरं तर निवडणुकीत जमा करून घेताना दर वेळी एक लाकडी दांडा आत घालून बघितला असता तरी कळलं असतं.

किमतीची चर्चा ओळख पटायच्या आधी सुरू झाली, तिने भावाभावांत जेवढी कटुता आणली तेवढी लायसनने आणली नाही. पुतण्या अजून मानत नाही की तोंड वाघाचं नाही.

आणि वर्णन. जुन्या लायसनवर 'ठासणीची बंदूक, एक' एवढंच होतं, उद्या कुणी दुसरीच बंदूक आणून ठेवली असती तरी कागद जुळला असता. या वेळी काकांनी नळीची लांबी, कापलेल्या वाटीची खूण, चार दांड्यांचा 'ई', उलटा 'एन', जबडा नसणं, हे सगळं लिहून घ्यायचा आग्रह धरला. फॉर्मात रकाना तेवढा नाही, म्हणून वेगळ्या कागदावर लिहून, फोटोसकट, सही-शिक्का घेऊन तो जोडला. दर नूतनीकरणाला त्याची झेरॉक्स परत लावावी लागणार आहे, मूळ प्रत आत्याकडे ठेवलीय.